थंडीत दाखवू

करडी,
२७ ऑक्टोबर २०२५

प्रिय तृप्ती,

घाबरू नकोस, आई बरी आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण आपल्या घरून पाकीट येणं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. तुझी आजी गेली तेव्हा नातलगांना पत्रं लिहिली होती, त्यानंतर एकदम आज. पोस्टात पाकीट मागायला गेलो तर तिथला माणूस माझ्याकडे असा पाहू लागला, जणू मी तार करायला आलो. 'गुरुजी, कोर्टाचं काही आहे का?' म्हणे. म्हटलं, हो बापा, तसंच समज. तो हसला. मी तोंड उघडलं की हसायचं, ही या गावाची तीस वर्षांची सवय आहे. तुला ती सवय लागली नाही, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं. त्याच्यावर पुढे येतो. एकदम त्याच्यावर यायची हिंमत असती तर पाकीट आणायला पोस्टात कशाला गेलो असतो.

आधी बातमी. आईच्या डाव्या डोळ्यातला फुगा गेला. ऑगस्टच्या शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आतला सुटलेला पडदा जागेवर बसवला आणि तो दाबून धरायला आत वायू भरला, हे तुला सांगणं म्हणजे माशाला पोहणं शिकवणं. अमरावतीच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात तू रोज तेच पाहतेस. पण तुम्ही लोक बाहेरून आत पाहता. आतून बाहेर कसं दिसतं ते मला तुझ्या आईकडून कळलं. पहिले दोन-तीन आठवडे नुसतं गढूळ. मग एका सकाळी म्हणाली, 'वरून उजेड झाला.' तिला डोळ्यात पाण्याची रेघ दिसायची. मान हलली की रेघ हलायची आणि रोज थोडी थोडी खाली उतरायची. तलावाचं पाणी धानाला सोडलं की काठावरचे दगड एकेक उघडे पडतात ना, तसं तिनं स्वतःच्या डोळ्यातलं पाणी मोजलं. 'आज अर्धा तलाव खाली झाला.' 'आज डबकं उरलं.' 'आज निस्ता एक बेंडूक बसून आहे.' दिवाळीच्या दिवशी तो बेडूकही उडी मारून गेला. आम्ही दोघं याचीच वाट पाहत होतो की तलाव आटला की पलीकडचं दिसेल.

शुक्रवारी तपासणीला नेलं. डॉक्टरांनी दिवा लावून, भिंगातून, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, पडदा मस्त चिकटला आहे, ऑपरेशन यशस्वी झालं, नजर आता एवढीच राहील. ही तिन्ही वाक्यं एकाच दमात बोलता येतात हे मला माहीत नव्हतं. तालुक्यात जिभेचा एवढा दरारा माझा, पण इतकं धारदार वाक्य मला आजवर जमलेलं नाही. आणि त्या माणसाचा काही दोष नव्हता. त्यानं जे होतं ते सांगितलं.

एवढी म्हणजे किती, ते ऐक. मधलं दिसत नाही, काठाकाठानं दिसतं. दाराची चौकट तिला कमरेत वाकलेली दिसते. खिडकीचे गज सापासारखे. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोची फ्रेम दिसते, कोटाचा खिसा दिसतो, चष्म्याची एक कडा दिसते. चेहरा दिसत नाही. ताटात भात आहे हे कळतं, भातातला खडा दातालाच कळतो. माणूस ओळखायचा तर ती आता मान जराशी तिरपी करून त्याच्या कानाच्या पलीकडे पाहते, मग तो माणूस कुठूनतरी कडेनं तिच्या नजरेत शिरतो. नव्या माणसाला वाटतं, बाई रागावली आहे. परवा अशीच तिरपी मान करून माझ्याकडे पाहत बसली आणि म्हणाली, 'तुमचं तोंड वाकडं दिसून राहिलं.' मग म्हणाली, 'एवढ्या वर्षांनी बरोबर दिसून राहिलं.' बघ. घरात टोमणे मारणारा मी एकटाच आहे असं मला वाटायचं. ती बिचारी तीस वर्षं आपली पाळी यायची वाट पाहत होती.

उजव्या डोळ्याचं तर तुला माहीतच आहे. आठ वर्षांची असताना मळणीत धानाचं कुसळ गेलं, वेळेवर कोणी नेलं नाही, बुबुळावर फूल पडलं. उजेड कोणता आणि अंधार कोणता, एवढंच त्या डोळ्याला कळतं. म्हणजे तुझ्या आईकडे कामाचा डोळा एकच होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मला सगळ्यांत जास्त, कारण लग्नाआधी तिला पाहायला गेलो तेव्हा त्यावरही मी एक विनोद केला होता. तो तुला सांगणार नाही. आईलाही कधी कळला नाही, तिच्या बापाला कळला होता.

पालथ्या दिवसांचं तुला पुरतं कुणी सांगितलं नसेल. तू नागपूरहून ड्युटीवर परतलीस आणि आम्ही घरी आलो, दहा दिवसांची शिक्षा घेऊन. झोपताना, बसताना, जेवताना तोंड खाली, म्हणजे आतला वायू पडद्याला टेकून राहतो. उशीवर नाक दाबून माणूस किती वेळ राहील? मग मी आपली बाज अंगणातून आत आणली, डोक्याकडच्या दोऱ्या सैल करून वीतभर जागा केली, काठाला जुनं लुगडं गुंडाळलं. आई पालथी झोपली की चेहरा बरोबर त्या भोकात. मला वाटलं, मोठा शोध लावला. पण भेटायला येणाऱ्यांची पंचाईत झाली. पहिली आली गोदावरीबाई, आपली शेजारीण, धानाच्या रोवणीत आईच्या बाजूची पात धरणारी. तिला आत पाठ दिसली फक्त. 'आता मी पाठीसंगं काय बोलू?' म्हणाली, इकडे तिकडे पाहिलं, पदर खोचला आणि सरळ फरशीवर उताणी झोपून सरकत सरकत बाजेखाली गेली. मग खालून तिचा आवाज, वरून आईचा. दुसऱ्या दिवसापासून तीच रीत झाली. येणारी बाई चप्पल काढायची, जयभीम घालायची आणि बाजेखाली शिरायची. एका दुपारी तर तिघी होत्या, सहा पाय बाहेर. दारातून पाहणाऱ्याला वाटावं, गुरुजींनी घरात ट्रॅक्टरचं गॅरेज टाकलं आहे.

आई त्या दिवसांत जितकी हसली तितकी मी तिला कधी हसताना पाहिली नव्हती. गोदावरीबाईला म्हणायची, 'चाळीस वर्सं मुंडी खाली घालून रोवणी केली, तवा कोणी डॉक्टर नाही आला सांगाले. आता झोपून राहाचं, अन् गुरुजी पाणी आणून देते. अशी रोवणी असंल तं मी बारमाही करतो बाई.' खालून गोदावरीबाई, 'मले पण बसव तुह्या बाजूनं एक भोक.' मी स्वयंपाकघरात पेज ढवळत हे ऐकायचो. हसू यायचं नाही.

कारण रोवणीपासूनच सगळं सुरू झालं होतं. जुलैच्या मधल्या आठवड्यातली गोष्ट. चिखलणी होऊन धानाच्या बांध्या तयार होत्या, बायांची टोळी ठरलेली होती, रोज एकाची बांधी. आई दुपारी जेवायला घरी आली आणि म्हणाली, 'आभाळ कोरं आहे, तरी मले ईज चमकून राहिली.' मी म्हटलं, तुझ्यासाठी वरून वेगळी लाइन टाकली असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाली, डोळ्यात काळी मासोळीची पिल्लं फिरतात. तिसऱ्या दिवशी म्हणाली, बाजूनं कोणीतरी ताटी लावली, तेवढ्यातून दिसत नाही. मी वरणभात कालवत होतो. मान वर न करता म्हटलं, 'मोतीबिंदू असेल. थंडीत शिबिर येते, तेव्हा दाखवू.'

थंडीत दाखवू. पोरी, हे वाक्य माझं एकट्याचं नाही, अख्ख्या करडीचं आहे. आंबागडापासून कारध्यापर्यंत कोणालाही विचार, डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करायचं असतं. पावसाळ्यात जखम चिघळते, उन्हाळ्यात टाके उसवतात. धान कापून झाला, दिवाळीनंतरची नाच-नाटकांची मंडई आटोपली, की म्हातारे-म्हाताऱ्या रांगेनं जीपमध्ये बसतात आणि हिरवी पट्टी बांधून परत येतात. ही जणू पीकपाण्यातलीच एक पायरी. गावात कोणी कावीळ उतरवून घ्यायला गेला तर मी शाळेच्या ओट्यावरून त्याची वरात काढतो. ताईत दिसला की मुलांसमोर त्याचं शवविच्छेदन करतो. एवढा मोठा विज्ञानवादी मी. पण डोळा म्हणजे काही पापड नव्हे, ऊन-पाऊस पाहून करायला, एवढं मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

कुणीतरी सांगितलं होतं. ते येतंच पुढे.

रोवणी झाली. आईनं ती केली, ओळीसाठी ताणलेल्या दोरीला बोट लावून लावून, सवयीनं. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मग ऑगस्टच्या शेवटी निंदण आलं. मंगळवारी शाळा सुटायला आली होती, तेवढ्यात गोदावरीबाई वर्गाच्या दारात येऊन उभी. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. एरवी ती गुरुजी म्हणून दोन शब्द माझी थट्टा करते, त्या दिवशी नाही केली. म्हणाली, 'गुरुजी, बांधीवर चला. तुमच्या तुळसाबाईनं धान उपटला अन् गवत ठेवला.' मी तसाच सायकल घेऊन बांधीवर गेलो. अर्ध्या बांधीत तसंच झालेलं. बाकीच्या बाया हात थांबवून उभ्या. आई बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसली होती, हातात उपटलेला जुडा, आणि तो नाकाशी धरून हुंगत होती. धान आहे की गवत, ते वासानं ओळखायचा प्रयत्न करत होती. माझी चाहूल लागली तसा जुडा मागे लपवला. आठव्या वर्षापासून निंदणात असलेली बाई, पोरी. पोरासारखा तिनं तो पाठीमागे लपवला.

पुढचं तुला माहीत आहे. तू सकाळच्या बसनं अमरावतीहून आलीस, दोन वर्षांनी मला दिसलीस ती दवाखान्याच्या बाकावर. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, दीड महिना. त्यांनी पेन खाली ठेवला. 'पहिल्या दोन-चार दिवसांत आणलं असतं तर मधला भाग वाचण्याची आशा होती,' म्हणाले आणि पेन परत उचलला. आईला आत नेल्यावर आपण दोघं बाकावर बसलो, मधे तुझी बॅग. तू बॅगेकडे पाहत एक वाक्य बोललीस. मी त्याला एक उत्तर दिलं. बस, तेवढंच बोलणं झालं आपलं. तुझ्या वाक्यावर आणि माझ्या उत्तरावर शेवटी येतो.

परत येताना गाडीत मागच्या सीटवर आई पालथी, डोकं माझ्या मांडीवर. भंडारा सुटलं आणि गाडीचा आवाज बदलला. तिनं लगेच विचारलं, 'वैनगंगेचा पूल आला ना?' म्हटलं, हो. 'पाणी किती आहे?' मी बाहेर पाहिलं. दोन्ही काठ भरून होतं, गढूळ, मधे एक ओंडका फिरत चालला होता, कारध्याच्या बाजूला दोन माणसं जाळं ओढत होती. मी तिला एकेक सांगितलं. ओंडका कुठे पोहोचला, जाळ्यात काही आलं का. पूल संपेपर्यंत सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा मी तिला जे दिसतं तेवढंच सांगितलं, वरून मीठ न टाकता. ती म्हणाली, 'तुमाले बरोबर सांगता येते की.' त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

परवा मंडई कमिटीची माणसं आली होती. कमिटीचा म्होरक्या श्रावण पुढे. 'गुरुजी, माइक यंदाही तुमच्याच हाती. दंडारीचा खेळ दुपारीच उभा करतो, तुम्ही फक्त या.' म्हटलं, यंदा नाही. श्रावणनं विचारलं, 'तब्येत बरी आहे ना?' मी म्हटलं, घसा बसला आहे. बसलेल्या घशानं एवढं स्पष्ट बोलणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असेल. जाता जाता श्रावण म्हणाला, 'तुमच्याशिवाय मंडईत हसंल कोण?' ती माणसं गेल्यावर मला दोन वर्षांपूर्वीची दुपार दिसत होती. माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत, सगळं स्वच्छ दिसतं.

तू डिप्लोमा करून नुकतीच नोकरीला लागली होतीस. पहिल्या सुट्टीत घरी आलीस ती मंडईला, आईसाठी चपला घेऊन. मला गावाला सांगायचं होतं की माझी पोरगी आली आहे. खरंच सांगायचं होतं. पण मेडिकलच्या परीक्षेत तू दोनदा मागे राहिलीस हे मी अजून विसरलो नव्हतो, आणि हातात माइक होता. मी म्हणालो, 'मंडळी, आपल्या गावची पहिली डॉक्टरीण व्हायची होती ती आज हजर आहे. डॉक्टरीण नाही झाली, पण डॉक्टरचे चष्मे पुसते. कोणाच्या चष्म्यावर धूळ असेल तर घेऊन या, मंडईनिमित्त फुकट पुसून मिळेल.' लोक हसले. डोमा म्हातारा आणि त्याच्या बाजूचा तो ताराचंद, दोघं खरंच उठले आणि चष्मे घेऊन तुझ्यापाशी आले. त्यांचा दोष नाही. गुरुजी माइकवरून सांगतात म्हणजे ती सूचनाच असेल असं त्यांना वाटलं. मला वाटलं तू उठून जाशील, रडशील, निदान माझ्याकडे पाहशील. तू ओढणीच्या टोकानं दोन्ही चष्मे नीट पुसलेस, काचेवर हाऽ करून, उजेडात धरून पाहून. डोमाच्या चष्म्याची दांडी सैल होती ती नखानं आवळलीस. त्याच्या नाकावर बसवून विचारलंस, 'आता बरं दिसते का आजोबा?' तो म्हणाला, 'लय साफ.' मी दंडारीच्या पुढच्या पार्टीचं नाव पुकारलं. सकाळी तू पहिल्या बसनं गेलीस. त्यानंतर तुझा फोन यायचा तो आईच्या फोनवर, मी शाळेत असण्याच्या वेळेत.

पालथ्या दिवसांतला सातवा दिवस असेल. दुपारची वेळ, बाया बांधीवर. मी चहा केला, त्यात नळी घातली आणि आईला पाजायला मीही बाजेखाली गेलो. गोदावरीबाईसारखं मला सरकता येत नाही, चष्मा बाजेला अडकला. खाली झोपून वर पाहिलं तर त्या भोकात तिचा चेहरा, डोळा सुजलेला, लाल. तिला माझा चेहरा दिसत नव्हता. चहा संपला तशी म्हणाली, 'पोरीचा सकाळी फोन आला होता. रडत होती. म्हणे, आई, मी त्या दिवशी बाबाले फोनच कराले पाहिजे होता, मेसेज टाकून बसली. मीच बाबासंगं रुसवा धरला म्हणून तुहा डोळा गेला.' मी रिकामा कप बाजूला ठेवला. आई म्हणाली, 'तिले समजवा ना तुम्ही. तिची काय चूक? मेसेज नाही आला तं नाही आला.' आणि तिच्या डोळ्यातलं पाणी टपकन माझ्या चष्म्यावर पडलं. एक थेंब, मग दुसरा. डॉक्टरांनी डोळा ओला होऊ द्यायचा नाही म्हटलं होतं. पण पालथ्या माणसाचे अश्रू गालावर थांबत नाहीत, सरळ खाली येतात, आणि खाली मी होतो. काचेतून तिचा चेहरा हलायला लागला, वाकला, मधलं सगळं गेलं. आता ती म्हणते ते मला तेव्हाच थोडं दिसलं होतं. तो चष्मा पुसायला माझा हात उठला नाही. वाळेपर्यंत तसाच पडून राहिलो.

तर आता ज्याच्यासाठी पाकीट आणलं ते लिहितो. तुझा मेसेज पोहोचला होता. १७ जुलै, गुरुवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. शाळेची खिचडी वाढून झाली होती, मी हात धुऊन कडुनिंबाखाली उभा होतो. 'बाबा, आईच्या डोळ्यात वीज चमकते, सावली येते म्हणते. पडदा सुटत असेल. तिला आजच्या आज नागपूरला न्या, उद्या नको. मी हात जोडते.' मी तो तेव्हाच वाचला, दोनदा. वाचल्याची निळी खूण तुला दिसली नाही, कारण ती दिसू नये अशी सोय मी तू गेलीस त्याच महिन्यात शाळेतल्या नव्या मास्तराकडून करून घेतली होती. आणि मनात काय आलं तेही लिहितो, नाहीतर हे पत्रही एक माइकच होईल. मनात आलं, चष्मे पुसणारी आता मला शिकवणार. एवढंच. फोन खिशात टाकला. संध्याकाळी आई बांधीवरून आली आणि पहिलं तेच विचारलं, 'तृप्ती तुमाले काही तरी पाठवतो म्हणे, आलं का?' मी म्हटलं, नाही. त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, रोवणीभर, दीड महिना ते नाहीच राहिलं. नागपूरच्या बाकावर तू बॅगेकडे पाहत म्हणालीस, 'मेसेज तुम्हाला मिळाला नसेल, मी फोन करायला पाहिजे होता,' आणि मी तुला म्हटलं, 'आपल्याकडे नेटवर्कच कुठे असते.' तुझ्या आईचा डोळा माझ्याकडून एकदा गेला, दीड महिन्यात. पण त्याचं ओझं मी तुझ्या डोक्यावर तेव्हापासून रोज ठेवत आलो. तुझी चूक नव्हती, पोरी. करडीच्या एवढ्या माणसांत खरं काय ते तुला एकटीला माहीत होतं आणि ते तू वेळेवर सांगितलं होतंस. माफी मागत नाही. मागितली तर तू ती देशील, आणि मला ती इतक्या लवकर मिळायला नको. हे पत्र आता आईला वाचून दाखवणार आहे, तिच्या जरा बाजूला बसून, कारण समोर बसलो तर मी तिला दिसत नाही आणि आज मी दिसायला हवा. एकही ओळ गाळणार नाही. पाकीट त्यानंतरच चिकटवीन. म्हणजे हे तुझ्या हातात पडलं तर एवढं समज की तिला कळलं आहे. ती काय म्हणाली ते मी लिहिणार नाही. ते तिला विचार. तुझा फोन ती नाव न वाचताच उचलते.

हे लिहायचा हक्क तू राहू दिलास तर,
तुझाच,
बाबा